वाचकांचे प्रश्न : पोटातला तडा उष्णतेने शोधताना

प्रश्न : आमच्याकडे १० मिमी जाडीच्या साध्या पोलादी प्लेटी येतात. काहींच्या पोटात थर सुटलेले असतात. १००० वॉटच्या हॅलोजनने मिनिटभर तापवलं, दिवा बंद केला आणि थर्मल कॅमेऱ्याने पाहिलं, तर काहीच दिसलं नाही. कॅमेरा कमी पडतोय का?
– एक वाचक, वाळूज

उत्तर : कॅमेऱ्याआधी वेळेचं गणित तपासा. पदार्थात उष्णता किती लवकर पसरते, याचा एक गुणांक असतो. साध्या पोलादासाठी तो सेकंदाला सुमारे १३ चौरस मिमी आहे. खोलीच्या वर्गाला या आकड्याने भागलं, की उष्णतेला तिथवर पोचायला लागणारा अंदाजे वेळ मिळतो. थर ३ मिमीवर सुटला असेल तर ०.७ सेकंद; ६ मिमीवर असेल तर चौपट, म्हणजे २.८ सेकंद. सुटलेला भाग २० मिमी रुंद असेल, तर मध्यापासून कडेपर्यंत १० मिमी भरतात, म्हणून आठेक सेकंदांत उष्णता बाजूने वळसा घालून फरक पुसून टाकते. तुम्ही दिवा बंद करून कॅमेरा रोखेपर्यंत सगळं सारखं झालेलं असतं.

आता असं करून पाहा. प्लेटवर मॅट काळ्या रंगाचा पातळ फवारा मारा. घासलेलं चकचकीत पोलाद स्वतःची उष्णता फार कमी बाहेर टाकतं, आणि कॅमेऱ्यात दिव्याचं प्रतिबिंबच दिसतं. रेकॉर्डिंग आधी सुरू करा. मग फक्त दोन सेकंद उष्णता द्या आणि दिव्यापुढे प्लायवूड आडवं धरा. दिवा नुसता बंद करून भागत नाही, कारण तापलेली तार आणि काच उष्णता फेकत राहतात. वर ३ मिमीचाच थर मोकळा असेल, तर १० मिमी प्लेटमध्ये मुरणारी उष्णता त्या थरातच अडकते आणि तो डाग आजूबाजूपेक्षा गरम दिसतो. सेकंदाला ९ फ्रेमचा कॅमेरा इथे चालेल. तोच कॅमेरा ३ मिमी ॲल्युमिनियमवर मात्र निरुपयोगी ठरतो. तिथे सगळा खेळ सुमारे ०.१५ सेकंदात आटोपतो.

किती खोलवरचं दिसेल, हे एक्सेलमध्ये आधीच करून बघता येतं. जाडीचे ०.५ मिमीचे भाग पाडा आणि काळाचं पाऊल ०.००५ सेकंद घ्या. प्रत्येक बिंदूचं नवं तापमान म्हणजे जुनं तापमान, अधिक ०.२६ गुणिले (दोन्ही शेजाऱ्यांची बेरीज वजा स्वतःची दुप्पट). हा ०.२६ म्हणजे १३ गुणिले ०.००५, भागिले ०.५ चा वर्ग. तो आकडा ०.५ च्या वर गेला, की तापमानं वेडीवाकडी उसळू लागतात. लोक सर्वात जास्त इथेच अडकतात. तड्याच्या जागी दोन बिंदूंमधली देवाणघेवाण सुमारे १९० पट कमी करा. हवेची फट फक्त ०.०५ मिमी असली, तरी ती जवळजवळ १० सेंमी पोलादाइतका अडथळा करते. फटीत तेल किंवा पाणी शिरलं असेल तर अडथळा कितीतरी घटतो, म्हणून प्लेट कोरडी असू द्या. हे गणित एकाच दिशेचं आहे, बाजूने निसटणारी उष्णता त्यात येत नाही. त्यामुळे जो डाग खोलीपेक्षा अरुंद आहे, तो दिसेल असं धरून चालू नका.

आणि पृष्ठभागाला काटकोनात उभा असलेला तडा या पद्धतीने जवळजवळ सापडतच नाही. उष्णता त्याला समांतर खाली जाते, तिला अडवणारं काही नसतं. त्यासाठी इंडक्शन कॉइल, म्हणजे न टेकता धातूत वीजप्रवाह निर्माण करणारं तारेचं वेटोळं, वापरतात. वीजप्रवाह तड्याच्या टोकाला वळसा घालतो आणि तिथेच जास्त उष्णता तयार होते.

प्रश्न : घराचा स्लॅब जुना आहे. आतून पापुद्रे सुटलेत का, हे कॅमेऱ्याने कधी पाहावं?
– एक वाचक, लातूर

उत्तर : गच्चीवरून पाहायचं तर ऊन चढल्यावर दोन-तीन तासांनी. काँक्रीटचा उष्णता पसरण्याचा गुणांक (वरच्या उत्तरातला) सेकंदाला ०.७ चौरस मिमीच्या आसपास असतो, त्यामुळे ३० मिमी खोलीला वीसेक मिनिटं लागतात. दिवसा सुटलेला भाग गरम दिसतो, रात्री गार. सकाळ-संध्याकाळी अदलाबदल होताना फरक शून्य होतो, त्या वेळी बघू नका. खालून, म्हणजे छताकडे पाहायचं तर १२५ मिमी जाडीला सुमारे सहा तास धरा; दुपार उलटल्यावर सुटलेला भाग उलट गार दिसेल. टाकीची सावली, डांबराचे डाग, पावसानंतरची ओल हे सगळं फसवतं. संशयित जागेवर हातोडीने हलकं ठोका. आवाज बद्द आला तर खडूने वर्तुळ करून गिलावा तिथेच काढून बघा.