पट्टीचं अ‍ॅप आणि साडेबाराचा लॉन्च

प्रश्न: ताई, मी देवगडचा, घरची हापूसची बाग आहे. वाशीहून दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची चिठ्ठी, येते ती हाताने लिहिलेली, बाबा वहीत उतरवतात आणि मे संपला तरी किती पेट्या गेल्या न् हातात किती पडले याचा मेळ लागत नाही. म्हणून मी पट्टीचा फोटो काढला की हिशोब मांडणारं अ‍ॅप बनवलंय. आता ते प्रॉडक्ट हंटवर, म्हणजे नवी अ‍ॅप्स मांडतात आणि लोक व्होट देऊन वर आणतात त्या साईटवर, टाकायचंय. कॉलेजच्या ग्रुपवर सगळ्यांना व्होट करायला सांगितलं तर वर येईल ना?
– एक वाचक, देवगड

उत्तर: अरे, वाचूनच बरं वाटलं. आमच्याकडे पट्ट्या तारेला टोचून ठेवायचे, पावसात दमट होऊन शाई फुटायची आणि मग हमाली किती कापली होती यावरून वाद.

पण ग्रुपवर तो मेसेज टाकू नकोस. प्रॉडक्ट हंट काय किंवा हॅकर न्यूज ही प्रोग्रामर लोकांची चर्चेची साईट काय, व्होट मागायचे नाहीत असं दोन्हीकडे सांगितलेलं आहे. मी भरती-ओहोटीचं छोटं अ‍ॅप एका साईटवर टाकलं तेव्हा हीच चूक केली, भावंडांनी नवी खाती काढून पटापट व्होट दिले आणि संध्याकाळपर्यंत पोस्ट कुठच्या कुठे खाली. त्याहून वाईट वाटलं ते याचं, की एकाही अनोळखी माणसाने काही विचारलं नाही.

आणि तुझं गिऱ्हाईक प्रॉडक्ट हंटवर नाहीये. २०१३ साली रायन हूवरने ही साईट साध्या ईमेल यादीपासून सुरू केली, तिथे येतात ते बहुतेक आपल्यासारखेच काहीतरी बनवणारे. ते पेट्या भरत नाहीत, पण हाताने लिहिलेलं मराठी कसं वाचलंस, सातचा एक झाला तर पकडतोस कसा, हे नेमकं तेच विचारतील. तेवढ्यासाठी जरूर टाक. बागायतदार मात्र गावातच शोध, दहा जणांना सीझनभर वापरायला दे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुझ्या अ‍ॅपमध्ये शिरायला मोबाईलवर ओटीपी येतो का? तो फक्त भारतातल्या नंबरवर येत असेल तर बाहेरचा माणूस दारातूनच परत जाईल. लॉगिन न करता बघता येईल असं एक पान कर, त्यावर नमुन्याची पट्टी, बटण दाबलं की शेजारी इंग्रजीत हिशोब. हॅकर न्यूजवर 'शो एचएन' म्हणून, म्हणजे स्वतः बनवलेलं दाखवायच्या पोस्टमध्ये, टाकायचं तर लोकांना स्वतः वापरून बघता येईल असंच काहीतरी लागतं, नुसती माहिती चालत नाही.

वेळेचं म्हणशील तर प्रॉडक्ट हंटचा दिवस कॅलिफोर्नियाच्या घड्याळाने रात्री १२:०१ला सुरू होतो, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी १२:३१, थंडीत १:३१. तिकडचे लोक उठेपर्यंत आपल्याकडे रात्र होते, तेव्हा जागा राहा, पहिली कमेंट तुझीच असू दे आणि त्यात बाबांच्या वहीची गोष्ट सरळ सांग. पावसाळ्यात नको रे, लाईटचा भरवसा नाही, निम्मी उत्तरं राहून जातील.

नमुन्याला एखादी शाई फुटलेली पट्टी ठेव. लिंक पाठव, ती वाचता येते का ते मलाही बघायचंय.