सीएनसी प्लाझ्मा कटिंग मशीन बनवून विकायचा छोटा धंदा सुरू कसा होतो? आधी भांडवल लागतं की आधी गिऱ्हाईक?

मी हाच धंदा करतो. हे मशीन म्हणजे कॉम्प्युटरच्या सांगण्यावरून टॉर्च फिरवून प्लाझ्माने लोखंडी प्लेट कापणारं टेबल. पण ठरवून सुरू केला नव्हता, आणि भांडवल नि गिऱ्हाईक या दोन्हीच्या आधी माझी खांदेदुखी आली.

फॅब्रिकेशनचं काम होतं माझं. एका ऑर्डरमध्ये सहा एमएमच्या प्लेटमधून एकसारखी ब्रॅकेटं कापायची होती, शंभराच्या वर, आणि माझ्याकडे हाताने चालवायचा एअर प्लाझ्मा कटर होता, हवा आणि विजेच्या आर्कने धातू वितळवून कापणारा. म्हणजे टेम्प्लेट ठेवायचं, क्लॅम्प मारायचा, वाकून टॉर्च (कटरचा हातात धरायचा, आर्क सोडणारा भाग) ओढायचा, मग ग्राइंडर घेऊन कड साफ करायची, की परत पुढचं ब्रॅकेट. तिसऱ्या दिवशी उजवा हात खांद्याच्या वर जाईना. तेव्हा डोक्यात आलं की कापतोय तर प्लाझ्माच, मी नुसता टॉर्च धरायचा स्टँड झालोय, मग खराच स्टँड का बनवू नये.

मग चौकोनी पाईपचं चार बाय चार फुटाचं टेबल, रॅक-पिनियन (दातेरी पट्टी नि चाक), नेमा २३ मापाच्या स्टेपर मोटर (मोजून टप्प्याटप्प्याने फिरणाऱ्या), आणि मागे पॅरलल पोर्ट असलेला एक जुना कॉम्प्युटर ज्यावर माख थ्री हे मशीन चालवायचं सॉफ्टवेअर टाकलं. फ्रेम एका दमात वेल्ड केली हा पहिला गाढवपणा. उष्णतेने ओढली गेली आणि दोन कर्ण मोजले तर चार एमएमचा फरक. अर्धे जॉइंट कापून, आधी टाके मारून, दर टाक्याला गुण्या लावून परत जोडली. टॉर्चच्या जागी स्केचपेन बांधून पुठ्ठ्यावर गोल काढला तेव्हा इतका सुंदर आला की मी घरी सगळ्यांना तो पुठ्ठा दाखवत फिरलो.

दुसऱ्या दिवशी खरा टॉर्च लावला, स्टार्ट दाबलं, आर्क पेटला आणि त्याच क्षणी स्क्रीन गोठली. परत केलं, परत तेच, एकदा तर गॅन्ट्री (टॉर्च धरून टेबलावर सरकणारा आडवा पूल) स्वतःच्या मनाने उलट्या बाजूला पळाली. कारण असं की माझा कटर हाय फ्रिक्वेन्सी स्टार्टचा होता, आर्क पेटवायला तो हजारो व्होल्टची ठिणगी टाकतो आणि ती गडबड प्रत्येक वायरला अँटेना समजून आत घुसते. यात तीन आठवडे गेले. वेगळं अर्थिंग, सगळ्या अर्थ वायर साखळीने न जोडता एकाच बिंदूला आणून, शिल्डेड केबलची शिल्ड फक्त एकाच टोकाला जोडून, मोटरच्या वायरी टॉर्चच्या केबलपासून लांब नेऊन ऐंशी टक्के त्रास गेला. उरलेला गेला कटर बदलल्यावर. आता मी फक्त ब्लोबॅक स्टार्टचाच घेतो, त्यात टॉर्चमधले इलेक्ट्रोड (जिथून आर्क निघतो) नि नोझल (टोकाचं भोक) आधी टेकलेले असतात, हवेच्या दाबाने सुटतात आणि आर्क पेटतो, हाय फ्रिक्वेन्सीचा संबंधच नाही.

नंतर उंचीचं प्रकरण. पातळ पत्रा कापताना तापून वर उचलतो, टॉर्च त्यात अडकतो. म्हणून टॉर्च हाइट कंट्रोल लावतात, त्याची आयडिया सोपी आहे, टॉर्च प्लेटपासून लांब गेला की आर्कचं व्होल्टेज वाढतं, म्हणजे व्होल्टेज बघून टॉर्च खालीवर करायचा. पण कोपऱ्यावर मशीन हळू होतं, तिथे जास्त मटेरियल जळून कापाची फट रुंद होते, व्होल्टेज वाढतं, कंट्रोलरला वाटतं टॉर्च वर गेला आणि तो खाली मुंडी खुपसतो. दोन नोझल असे गेल्यावर कळलं की कोपऱ्यावर तो लॉक करायचा असतो.

आता गिऱ्हाईक. ओळखीचा एक फॅब्रिकेटर माझ्याकडे प्लेटी कापून न्यायला लागला, मग दुसरा, आणि चार-पाच महिन्यांनी पहिला म्हणाला, दरवेळी तुझ्याकडे खेपा कोण घालणार, हेच मशीन मला बनवून दे. मटेरियलचे पैसे त्याने आधी दिले, हेच माझं भांडवल. मी दर सांगताना स्वतःची मजुरी धरलीच नाही, तुम्ही तो मूर्खपणा करू नका.

मशीन बसवलं, चालवून दाखवलं, पेढे खाऊन आलो. संध्याकाळी फोन, दोन तासांत तीन नोझल जळले, मशीन घेऊन जा. गेलो. सगळी सेटिंग तपासली, सगळं बरोबर. शेवटी त्याच्या कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा कॉक उघडला तर तांबूस पाण्याची धारच लागली, थांबेचना. तो आणि मी दोघं नुसते बघत उभे. ओल्या हवेत नोझल आणि इलेक्ट्रोडमधला हॅफ्नियम धातूचा ठिपका, दोन्ही झपाट्याने खाल्ले जातात, हे मला माहीत होतं पण त्याला सांगायचं सुचलं नव्हतं. तेव्हापासून हवेच्या लाइनला ड्रायर-फिल्टर असल्याशिवाय मी मशीन चालू करूनच देत नाही.

खरा धंदा काय आहे ते मला तिथे कळलं. फ्रेम कोणीही वेल्ड करेल, मोटरी कोणालाही मिळतात, लोक पैसे देतात ते त्यांच्या शेडमध्ये मशीन रोज कापत राहावं याचे, आणि ते काम बरंचसं फोनवर होतं. होल वाकडं येतंय? बोल्टचं होल प्लेटच्या जाडीपेक्षा बारीक असेल तर प्लाझ्माने फक्त सेंटर मार, ड्रिलने पाड. तीच रेघ दोनदा कापतंय? ड्रॉइंगमध्ये एकावर एक दोन रेषा आहेत. कड एका बाजूने तिरकी? बऱ्याचशा टॉर्चमध्ये हवेचा पीळ असा असतो की पुढे जाताना उजवी कड सरळ निघते, म्हणून बाहेरची कड घड्याळाच्या दिशेने कापायची आणि आतली होलं उलट दिशेने. पहिल्या मशीनवाल्याचा निम्मा राग या एका गोष्टीने गेला.

मधे एक चूक अजून केली, प्रत्येकाला हव्या त्या मापाचं बनवून द्यायची. पाच मशीन, पाच ड्रॉइंग, एकाचा पार्ट दुसऱ्याला बसत नाही. आता दोनच मापं, तिसरं मागितलं तर नाही म्हणतो.

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर हवं असेल तर, पॉवर सोर्स, म्हणजे प्लाझ्मा कटर, बनवायच्या नादी लागू नका, तो तयार घ्या, एक टेबल स्वतःसाठी बनवा आणि सहा महिने त्यावर लोकांच्या प्लेटी कापा. मशीन विकायला उभं राहाल तेव्हा समोरचा काय बिघडेल हेच विचारणार आहे. माझं पहिलं टेबल अजून चालू आहे, दोघांनी विकत मागितलं पण दिलं नाही, नवीन मशीनच्या गॅन्ट्रीच्या प्लेटी मी त्याच्यावरच कापतो आणि कोणी मशीन बघायला आलं की त्याच वेळी कापायला घेतो.