सेगा कंपनीच्या ड्रीमकास्ट या जुन्या गेम कन्सोलवर आज २०२० नंतरच्या काळात ऑनलाइन खेळता येतं का? सेगाचे सर्व्हर तर कधीच बंद झालेत ना?

हो, येतं, आणि मस्त चालतं! सेगाने ड्रीमकास्टमध्ये फोनच्या लाइनवरून इंटरनेट जोडणारा मॉडेम आधीच बसवून दिला होता, १९९९ ला अमेरिकेत आला तेव्हा ५६के वेगाचा, आणि २००० मध्ये तिथे सेगानेट ही ऑनलाइन सेवा सुरू केली, पण २००१ ला कन्सोलच बंद करायची वेळ आली आणि मग हळूहळू सगळे सर्व्हर गेले.

आता खरी अडचण म्हणजे त्या मॉडेमला फोनची लाइन लागते, ती आणायची कुठून? त्यावर फॅन्सनी ड्रीमपाय बनवलं. रास्पबेरी पाय या छोट्याशा कॉम्प्युटरला यूएसबी मॉडेम लावायचा, फोनची वायर थेट कन्सोलला जोडायची, रास्पबेरी पाय खोटी डायल टोन (फोन उचलल्यावर येतो तो आवाज) ऐकवतो, ड्रीमकास्ट बिचारा नंबर फिरवतो, पलीकडून रास्पबेरी पायच फोन उचलतो आणि तुमच्या घरच्या ब्रॉडबँडवर जोडून देतो. किती सुंदर डोकं लावलंय!

सर्व्हरसुद्धा लोकांनी स्वतः लिहिलेत, गेम नेटवर काय बोलतो ते तपासून तपासून. फँटसी स्टार ऑनलाइन, चूचू रॉकेट हे गेम परत चालू झालेत, क्वेक ३ सुद्धा ऑनलाइन खेळता येतो. पहिल्यांदा फँटसी स्टारच लावा, चौघांची टीम करून खेळायची खरी मजा त्यातच आहे. फक्त मॉडेम घेताना ड्रीमपायवर चालतो का ते बघून घ्या, कुठलाही चालत नाही.