वाचकांचे प्रश्न: डोकं दुखतंय, पण दुखणं मानेचं असेल तर?

प्रश्न: ताई, मी सांगली जिल्ह्यात हायस्कूलला शिक्षिका आहे, वय ४३. दोनेक वर्षं झाली, उजव्या बाजूला मानेच्या वरच्या टोकाला दुखायला लागतं आणि कानामागून वर चढत डोळ्याच्या वर येऊन बसतं. पेपर तपासायला बसले किंवा मोबाईलवर शाळेची ऑनलाइन माहिती भरत बसले की हमखास. उजवीकडे वळून मागे बघायचं तर मान अडकते. फॅमिली डॉक्टर मायग्रेन म्हणाले, एक्स-रेत स्पॉन्डिलायटिस आलं, आणि नणंद म्हणते हातांनी करतात ती फिजिओथेरपी घे. डोकं दुखत असताना मानेची ट्रीटमेंट कशाला? आणि फरक पडतो का, की तेवढ्यापुरतंच बरं वाटतं?

उत्तर: नणंदेचा सल्ला वाईट नाहीये, पण आधी दुखणं खरंच मानेतूनच येतंय का ते बघायला हवं, कारण तिथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. मानेच्या वरच्या तीन नसा आणि कपाळ-डोळ्याकडची संवेदना नेणारी ट्रायजेमिनल नस, या दोघींचे निरोप मेंदूच्या बुडाशी एकाच ठिकाणी येऊन पोचतात, आणि जुन्या लँडलाइनवर व्हायचं तसं क्रॉस कनेक्शन होतं. बिघाड मानेच्या सांध्यात आणि ठणका डोळ्याच्या वर. ओट्टार शोस्टाड नावाच्या नॉर्वेच्या न्यूरोलॉजिस्टनी १९८३ मध्ये याला सर्व्हिकोजेनिक हेडेक, म्हणजे मानेतून येणारी डोकेदुखी, असं नाव दिलं.

तुम्ही लिहिलंय त्यातल्या बऱ्याच गोष्टी याच्याशी जुळतात: एकच बाजू, सुरुवात मानेतून, मान वाकवून बसलं की वाढणं, वळताना अडकणं. मायग्रेनमध्ये बहुतेकदा ठोके पडल्यासारखं दुखतं, मळमळतं, उजेड आणि आवाज नकोसा होतो, बाजूही बदलू शकते. पण मायग्रेनवाल्यांचीही मान दुखतेच, अगदी नेहमी, त्यामुळे नुसती मान दुखते म्हणून मायग्रेन नाही असं म्हणता येत नाही, आणि काहींना दोन्ही असतं. डॉक्टरांनी दिलेल्या मायग्रेनच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.

एक्स-रेचं फार मनाला लावून घेऊ नका. चाळिशीनंतर मणक्यात थोडीफार झीज काहीही न दुखणाऱ्या माणसांच्याही एक्स-रेत दिसते. त्यापेक्षा हाताने करायची एक तपासणी जास्त कामाची आहे. तुम्हाला उताणं झोपवून हनुवटी छातीकडे पूर्ण वाकवतात आणि तशीच मान दोन्हीकडे वळवून बघतात. मान पुरती वाकवली की खालचे सांधे लॉक होतात आणि वळणं मुख्यतः पहिल्या-दुसऱ्या मणक्यातच होतं. साधारण ४४ अंश वळायला हवी, दुखऱ्या बाजूला ३२ च्या खाली अडकली तर संशय पक्का होत जातो. फिजिओने हे न करता थेट मशीन लावलं तर मी तरी दुसरा फिजिओ शोधेन.

आता ट्रीटमेंट. कवटीच्या खाली दोन्ही अंगठ्यांनी नेमका कोणता सांधा आखडलाय ते चाचपतात, बऱ्याचदा दाबल्यावर तुमची नेहमीचीच डोकेदुखी उमटते आणि पेशंट म्हणतो हां, हेच ते! मग त्या सांध्यावर हलका, लयीत दाब देत तो मोकळा करायचा, दाब किती हे ऑस्ट्रेलियाचे फिजिओ मेटलंड यांनी ठरवलेल्या पायऱ्यांप्रमाणे (ग्रेड) ठरतं. न्यूझीलंडचे फिजिओ मलिगन यांच्या पद्धतीत थेरपिस्ट मणका किंचित सरकवून धरतो आणि वळता तुम्ही स्वतः, तेही अजिबात न दुखता. कडकन आवाज आलाच पाहिजे असं काही नसतं. याला मालिश समजू नका, तेल लागत नाही.

आणि तेवढ्यापुरतंच बरं वाटतं का, तर तसं दिसत नाही. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियात फिजिओ ग्वेन जुल यांच्या टीमने अशा डोकेदुखीच्या २०० जणांवर अभ्यास केला, काहींना हातांनी करायचे उपचार, काहींना मानेचे हलके व्यायाम, काहींना दोन्ही, आणि काहींना यातलं काहीच नाही. उपचार सहा आठवड्यांचे. हातांनी केलेले उपचार असोत की व्यायाम, दोन्हींनी डोकेदुखी कमी झाली आणि वर्षभरानेही फायदा टिकून होता. व्यायाम म्हणजे जिममधला नव्हे, उताणं झोपून डोकं न उचलता हळूच 'हो' म्हटल्यासारखी हनुवटी आत घ्यायची, दहा सेकंद धरायची, सोडायची, असं दहा वेळा. गळ्याच्या पुढचे दोन पट्टे टरारून वर आले तर जोर जास्त लागतोय. दिसायला अगदी फालतू वाटतो म्हणून लोक दोन दिवसांत सोडून देतात, आणि खरी गंमत त्यातच आहे.

चार-सहा सिटिंगनंतर काहीच फरक नसेल तर पुढचं पॅकेज घेऊ नका, निदान पुन्हा तपासा. आणि डोकेदुखीची गोळी महिन्यातून किती दिवस घेता ते कॅलेंडरवर लिहा. साधी पेनकिलर १५ दिवस किंवा जास्त, मिक्स गोळ्या (एकाच गोळीत दोन-तीन औषधं) १० दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांपेक्षा जास्त चाललं तर गोळीमुळेच डोकं दुखायला लागू शकतं, मग मान कितीही मोकळी केली तरी उपयोग नाही.

प्रश्न: माझं पण डोकं मागून जड होतं. मी दर महिन्याला सलूनमध्ये चंपी करून मान दोन्हीकडे मोडून घेतो, मस्त हलकं वाटतं. हे पण तेच ना? (नाशिक)

उत्तर: नाही दादा. चंपी करा की खुशाल, मान मोडून घेऊ नका. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या भोकांतून वर जातात, झटक्यात मान फिरवली की आतलं अस्तर फाटू शकतं, तिथे रक्ताची गाठ होऊन स्ट्रोक येऊ शकतो. क्वचित होतं, पण झालं तर आयुष्यभराचं. हीच जोखीम झटका देणाऱ्या फिजिओ किंवा कायरोप्रॅक्टरकडेही (हातांनी झटका देऊन मणके सरळ करणारे) थोडी असतेच, म्हणून झटका देणार आहात का हे आधी विचारा आणि नको असेल तर सरळ नाही म्हणा, हळुवार पद्धतीने बहुतेकांचं काम होतं.

अचानक, आयुष्यात कधी झालं नाही असं डोकं किंवा मान दुखली, सोबत बोलणं अडखळणं, दोन-दोन दिसणं, तोल जाणं, हातापायातली ताकद कमी होणं, किंवा ताप येऊन मान ताठ, यातलं काहीही असेल तर फिजिओकडे नाही, तडक हॉस्पिटलला. पडल्या-झडल्यानंतरची डोकेदुखी आणि पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी आधी डॉक्टरांना दाखवायची.

प्रश्न: व्हिडिओत टॉवेलने मान वळवायचा व्यायाम बघितला, घरी करू का? आणि उशी कोणती घेऊ? कॉलर लावू का? (पुणे, आयटी)

उत्तर: टॉवेलचा व्यायाम चांगला आहे, पण टॉवेलची कड नेमकी कुठे धरायची आणि कोणत्या दिशेने ओढायची हे एकदा समोर बसून शिकून घ्या, चुकीच्या मणक्यावर ओढलं तर उगाच दुखणं वाढेल. करताना अजिबात दुखायला नको, आणि एका वेळी दोन-तीनदा पुरे. उशीबद्दल, कुशीवर झोपल्यावर नाक छातीच्या मधल्या रेषेत राहील एवढी जाड, महागडी असायची गरज नाही. कॉलर नको, महिनोन्महिने लावली तर स्नायू अजून ढिले पडतात. आणि फिजिओकडे जाण्याआधी महाराष्ट्राच्या ओटीपीटी (ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी) कौन्सिलची नोंदणी आहे का विचारा, विचारल्यावर चांगला फिजिओ रागवत नाही.