डच डीजे टिएस्टोचे जुने चाहते 'कॅलिडोस्कोप'वर इतके नाराज का? अल्बम खरंच वाईट आहे का?

वाईट नाही, पण ट्रान्सच्या (हळूहळू चढत जाणाऱ्या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या) अपेक्षेने ऐकलात तर हिरमोड नक्की.

'इन माय मेमरी' (२००१) आणि 'जस्ट बी' (२००४) ऐकून वाढलेल्यांना एका ठरावीक गोष्टीची सवय होती: मिनिटाला १३५-१४० ठोके, मध्येच बीट थांबून नुसती सुरावट, आणि मग सगळं एकदम परत येणं. 'जस्ट बी'मध्ये त्याने सॅम्युएल बार्बरच्या 'अडाजिओ फॉर स्ट्रिंग्ज' या पाश्चात्य अभिजात रचनेचं जे केलं, ते आजही अनेकांसाठी ट्रान्सचं शिखर आहे. (मला स्वतःला ते जरा भडक वाटतं, पण हे बोललं की भांडणं होतात.)

२००९च्या 'कॅलिडोस्कोप'मध्ये ती लांबलचक चढण जवळपास गेलीच. आइसलँडच्या सिगुर रोस बँडचा गायक योन्सी, कॅनडाची टेगन अँड सॅरा ही जोडी असे इंडी आवाज आले, गाणी आटोपशीर झाली. शीर्षकगीत मात्र सुंदर आहे. योन्सीचा उंच, पातळ आवाज सिंथवर अगदी सहज तरंगतो. उरलेल्यात भरतीची गाणीही आहेत, तिथे टीका रास्तच.

'पैशासाठी विकला गेला' हा आरोप मला पटत नाही. 'एलिमेंट्स ऑफ लाइफ' (२००७) नीट ऐका, रॉक गिटारकडचा कल तिथेच दिसतो. खरी फारकत २०१४च्या 'अ टाउन कॉल्ड पॅराडाइज'मध्ये झाली. तो सरळ पॉप-हाउस (पॉप वळणाचं डान्स संगीत) आहे, आणि एकदा ऐकून मी तरी बाजूला ठेवला.

नव्याने ऐकणार असाल तर 'जस्ट बी'पासून सुरुवात करा.