एफआरपी की पोलाद? किलोवर जाऊ नकोस

नवी मुंबईतल्या रबाळ्याच्या कारखान्यात पायाखाली टाकायची जाळी (ग्रेटिंग) पोलादाची घ्यावी की एफआरपीची, म्हणजे काचतंतू घातलेल्या प्लास्टिकची, हे ठरवायला तू किलोमागच्या कार्बन उत्सर्जनाचा तक्ता केलास, पण त्यावरून निर्णय घेऊ नकोस. पोलादाची घनता ७८५० किलो प्रति घनमीटर, एफआरपीची साधारण १९००. म्हणजे तेच काम निम्म्याहून कमी वजनात होऊ शकतं. तुलना करायची ती एका चौरस मीटर जाळीची, सारखाच भार पेलणारी, २५ वर्षांसाठी.

इथे खाडीचा खारा वारा आणि आम्लाची वाफ. पोलादाला गॅल्वनायझिंग, म्हणजे जस्ताचा थर, वर रंग, मग काही वर्षांनी पुन्हा रंग. म्हणजे आधी जस्त, आणि प्रत्येक रंगाला सॉल्व्हंट (रंग पातळ करणारं रसायन). हे सगळं पोलादाच्या खात्यात धर. अशा जागी एफआरपी बहुधा सरस ठरते. कोरड्या गोदामात मात्र मी पोलादच घेईन.

शेवट विसरू नकोस, बहुतेक जण तिथेच चुकतात. पोलाद भंगारात जातं, जालन्यासारख्या ठिकाणी वितळून पुन्हा सळई होतं. एफआरपीतलं रेझिन, म्हणजे काचतंतू धरून ठेवणारं प्लास्टिक, एकदा पक्कं झालं की वितळत नाही; फार तर सिमेंटच्या भट्टीत जातं, नाहीतर जमिनीत पुरलं जातं.

म्हणून पॅनेल मापातच मागव. कापलेला तुकडा वाया जातो आणि काचेची धूळ कामगाराच्या छातीत जाते. कापावंच लागलं तर पाणी मारून, मास्क लावूनच.