दोन अंकी वर्ष दिसत असेल तर आधी काय तपासावे

तारखेच्या रकान्यात ‘२८’ एवढेच वर्ष दिसत असेल, तर घाईने नोंदी दुरुस्त करायला घेऊ नका. रकान्यात दिसणारा मजकूर आणि आत साठवलेली तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक्सेलमध्ये तारीख आतून क्रमांकाच्या रूपात असते, म्हणून रकान्याचे स्वरूप चार अंकी वर्षाचे करताच १९२८ की २०२८ हे लगेच कळते. शतक बरोबर असेल, तर प्रश्न केवळ दाखवण्याचा होता आणि तो तिथेच सुटला.

खरा धोका फाइल सीएसव्हीमध्ये (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या साध्या मजकुराच्या स्वरूपात) जतन करताना असतो, आणि नवशिक्यांनी तो मनावर घ्यावा असे मला कळकळीने वाटते. तिथे पडद्यावर दिसते तेच लिहिले जाते. त्यामुळे १९२८ सालची जन्मतारीख ‘२८’ होऊन बाहेर पडते आणि फाइल पुन्हा उघडल्यावर २०२८ होते, कारण एक्सेल अनेक संगणकांवर ०० ते २९ हे अंक २००० ते २०२९ आणि ३० ते ९९ हे १९३० ते १९९९ मानते. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत हीच सीमारेषा ६८ आणि ६९ यांच्यामध्ये आहे. म्हणजे ‘४५’ हे एका ठिकाणी १९४५, तर दुसऱ्या ठिकाणी २०४५ ठरते, आणि चूक झाल्याची सूचना कुठेही येत नाही.

म्हणून निर्यातीपूर्वी वर्ष-महिना-दिवस असे आयएसओ ८६०१ या तारखा लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाचे स्वरूप द्या, आणि नोंद भरण्याच्या अर्जातही चार अंकी वर्ष सक्तीचे करा. शतक एकदा गळाले, की मूळ कागद पाहिल्याशिवाय ते खात्रीने परत मिळत नाही.